सिंथेटिक बोन ग्राफ्ट: सांगली-मिरजेतले रुग्ण आणि नातेवाईक नेहमी विचारतात ते प्रश्न

उसाचा गाळप हंगाम सुरू झाला की आमच्या ओपीडीत नडगीची आणि गुडघ्याची फ्रॅक्चर वाढतात. अंधारात मागे दिवा नसलेली ट्रॉली उभी असते आणि कामावरून घरी निघालेला एखादा पोरगा मोटरसायकल घेऊन तिच्यावर आदळतो. ऑपरेशन ठरतं, मी नातेवाइकांना बाहेर बोलावून सांगतो, "हाडात पोकळी राहतेय, तिथं सिंथेटिक बोन ग्राफ्ट भरावा लागेल." त्या क्षणी सगळे मान डोलावतात. खरे प्रश्न दुसऱ्या दिवशी येतात, तेही बहुतेक वेळा सिस्टरला विचारले जातात, कारण डॉक्टरांना विचारायचा संकोच वाटतो. सांगली-मिरजेत हाडांची ऑपरेशनं करताना कानावर आलेले ते प्रश्न इथं उत्तरांसह लिहून ठेवले आहेत.

डॉक्टर, तुम्ही 'खोटं हाड' बसवणार म्हणालात. ते नक्की असतं काय?

बाटलीतून काढलं तर ते कुटलेल्या खडीसाखरेसारखं दिसतं, पांढरे खरबरीत दाणे. काही वेळा ठोकळा असतो, काही वेळा सिरिंजमधून घालायची पेस्ट. आपल्या हाडाचा कडक भाग मुख्यतः कॅल्शियम आणि फॉस्फेटच्या क्षाराचा बनलेला असतो. तोच किंवा त्याच्या जवळचा क्षार कारखान्यात तयार करून, भट्टीत भाजून, निर्जंतुक करून हे दाणे बनवतात. 'खोटं हाड' हा शब्द मला पटत नाही. त्यामुळे तिथं प्लास्टिकचं काहीतरी कायमचं बसवलं असं वाटतं. हा भराव आहे, आणि बहुतेक प्रकारांत तो हळूहळू विरघळून त्याच्या जागी तुमचंच हाड येतं.

म्हणजे हे दाणे हाड तयार करतात?

नाही. पूर्ण पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

तासगाव-पलूसकडच्या मंडळींना मी द्राक्षाच्या मांडवाचं उदाहरण देतो. अँगल आणि तारा उभ्या केल्या म्हणून द्राक्षं लागत नाहीत. वेल लागते, मुळाला पाणी लागतं, माती जिवंत लागते. मांडवाचं काम एवढंच की वेलीला चढायला आधार मिळावा आणि ती जमिनीवर लोळू नये. सिंथेटिक दाण्यांचं तसंच आहे. त्यांना आरपार छिद्रं असतात, साधारण १०० ते ५०० मायक्रॉनची, म्हणजे केसाच्या जाडीपासून त्याच्या काही पटीपर्यंत. त्या छिद्रांतून आधी बारीक रक्तवाहिन्या शिरतात, मागोमाग हाड बनवणाऱ्या पेशी येतात आणि दाण्याच्या भिंतीवर नवं हाड लिंपत जातात.

वेल कुठून येते? तुमच्या शरीरातून. शेजारचं हाड, त्यातला मगज, रक्तपुरवठा, आजूबाजूचं मांस, हे सगळं जिवंत असेल तर मांडव भरतो. ते मेलेलं असेल, पू झालेला असेल किंवा हाड सारखं हलत असेल, तर कितीही महागडे दाणे घाला, सहा महिन्यांनी ते दाणेच राहतात.

म्हणून आम्ही दाणे कोरडे भरत नाही. जखमेतलंच रक्त किंवा कमरेच्या हाडातून सुईने काढलेला मगज त्यात मुरवतो, साबुदाणा भिजवतात तसे. मग ते पोकळीत ठेवतो आणि फार ठेचत नाही. ठेचले की छिद्रं चुरडतात आणि आत शिरायला वाटच राहत नाही.

प्रत्येक फ्रॅक्चरला हे लागतं का?

नाही. बहुसंख्य फ्रॅक्चरना काहीच भरावं लागत नाही. मांडीच्या हाडाचे दोन तुकडे झाले, रॉड घातला, तुकडे जागेवर बसले की शरीर स्वतः जोड घालतं. पडून मनगट मोडलेल्या आजींना तर अनेकदा नुसत्या प्लास्टरवर भागतं.

लागतं ते जिथं पोकळी उरते तिथं. सगळ्यात नेहमीची जागा गुडघ्याखाली, नडगीच्या वरच्या टोकाला. तिथं वरून मार बसला की सांध्याची फरशी खचते आणि खालचं स्पंजासारखं हाड दाबलं जातं. ऑपरेशनमध्ये आम्ही फरशी उचलून पातळीवर आणतो, पण उचलल्यावर तिच्याखाली रिकामी जागा तयार होते. खाली भराव न घालता वर फरशी बसवली तर ती पुन्हा खचते, हे घर बांधलेल्या कोणालाही सांगावं लागत नाही. टाचेच्या हाडाचंही काही वेळा असंच होतं. गुडघ्याची वाकडी रेघ सरळ करण्यासाठी हाड कापून उघडतात तेव्हा पाचरीएवढी फट राहते. हाडातली गाठ खरवडून काढल्यावर खळगा राहतो. लहान मुलांच्या हाडात पाण्याची पोकळी होते, ती रिकामी करून भरतात. मणके एकमेकांना जोडायचे असतात तेव्हा, आणि जुना बदललेला सांधा सैल होऊन आजूबाजूचं हाड झिजतं तेव्हाही भरावाची गरज पडते.

माझ्याच कमरेचं हाड काढून घालतात म्हणे. ते चांगलं की हे?

कमरेवर हात ठेवून उभं राहिलं की बोटांना हाडाचा कंगोरा लागतो. तिथून हाडाचा चुरा काढून दुसरीकडे भरणं ही पद्धत फार जुनी आहे, आणि गुणवत्तेत आजही ती सर्वांत वरची आहे. त्या चुऱ्यात तीन गोष्टी असतात: जिवंत पेशी, नव्या पेशींना हाड बनवायचा निरोप देणारी प्रथिनं, आणि चढायला जाळी. सिंथेटिकमध्ये यातली फक्त जाळी असते. हे मी कधीच लपवत नाही.

मग सिंथेटिक का वापरायचं? कारण कमरेचं हाड फुकट मिळत नाही. त्यासाठी दुसरा काप घ्यावा लागतो. काही रुग्णांना मोडलेल्या हाडापेक्षा ती कमरेची जागाच जास्त दिवस दुखते. तिथं रक्त साकळू शकतं, क्वचित जंतुसंसर्ग होतो, आणि मांडीच्या बाहेरच्या अंगाला जाणारी बारीक नस दुखावली तर तिथली कातडी बधिर राहते. शिवाय साठा मर्यादित असतो. सत्तरीतल्या ठिसूळ हाडाच्या बाईच्या कमरेतून कामापुरतं चांगलं हाड निघेलच असं नाही, आणि लहान मुलाच्या कमरेतून किती काढणार?

माझा हिशोब असा आहे. पोकळी चारही बाजूंनी जिवंत हाडाने वेढलेली असेल, जसा गुडघ्याखालचा खळगा, तर सिंथेटिक पुरतं, आणि मी कमरेला हात लावत नाही. २००८ मध्ये उत्तर अमेरिकेतली एक तुलनात्मक चाचणी प्रसिद्ध झाली. त्यात अशाच गुडघ्याखालच्या फ्रॅक्चरमध्ये एका गटाला कमरेचं हाड आणि दुसऱ्याला कॅल्शियम फॉस्फेटचं सिमेंट भरलं होतं, आणि सांध्याची फरशी सिमेंटवाल्या गटात कमी खचली. मात्र लांब हाडाच्या मधोमध न जुळलेलं फ्रॅक्चर असेल तर मी कमरेचंच हाड घेतो. ते कमी पडलं तर त्यात सिंथेटिक दाणे मिसळून वाढवतो. डाळ कमी पडली की पाणी घालून वाढवतात तसं हे नव्हे. दाणे एका मर्यादेपलीकडे वाढवले तर जिवंत हाडाचा अंश विरळ होत जातो, म्हणून प्रमाण सांभाळावं लागतं.

दुसऱ्या माणसाचं हाड वापरता येत नाही का?

येतं. त्याला ॲलोग्राफ्ट म्हणतात. मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलमध्ये १९८८ पासून टिश्यू बँक आहे. तिथं दात्याची तपासणी करून, हाड स्वच्छ करून, गॅमा किरणांनी निर्जंतुक करून ठेवतात. मोठा संरचनात्मक तुकडा हवा असेल तेव्हा त्याला तोड नाही. पण दात्याचं हाड नीट तपासणाऱ्या बँकेतूनच यायला हवं, आणि आपल्याकडे अशी सोय मोजक्याच ठिकाणी आहे. अवयवदानाचा फॉर्म भरताना अनेकांच्या मनात डोळे आणि मूत्रपिंड एवढंच येतं. हाडंही देता येतात, हेही लक्षात राहू द्या.

किती प्रकारचे दाणे असतात? आमच्यासाठी कोणता?

इथं थोडा इतिहास सांगतो, कारण तो कळला की प्रकार आपोआप कळतात.

मिरजेत डॉ. विल्यम वॉनलेस यांचं रुग्णालय १८९४ साली सुरू झालं. त्याच्या दोन वर्षं आधी, १८९२ मध्ये, ड्रीझमान नावाच्या जर्मन सर्जनने हाडातल्या पोकळ्या प्लास्टर ऑफ पॅरिसने भरल्याची नोंद केली. आपण हातापायाला बाहेरून बांधतो तेच प्लास्टर. पुढे असं लक्षात आलं की शरीर हे प्लास्टर विरघळवून टाकतं आणि जागा मोकळी होते तसतसं हाड भरत येतं. आजचं कॅल्शियम सल्फेट म्हणजे त्याच प्लास्टरचं वैद्यकीय शुद्धतेचं रूप. ते साधारण दीड ते तीन महिन्यांत विरघळतं. हीच त्याची अडचण आहे, कारण पोकळी मोठी असेल तर हाड यायच्या आधीच मांडव कोसळतो.

१९२० मध्ये अमेरिकेतल्या फ्रेड आल्बी यांनी कॅल्शियम फॉस्फेट वापरून पाहिलं. त्याच वाटेने आलेलं ट्रायकॅल्शियम फॉस्फेट, ज्याला आम्ही टीसीपी म्हणतो, सहा महिने ते दोन वर्षांत जातं. हाड भरण्याच्या वेगाशी त्याचा वेग बराच जुळतो. हायड्रॉक्सीॲपेटाइट हा आपल्या हाडातल्या खनिजाचाच भाऊ. तो चिवट असतो, वर्षानुवर्षं तसाच राहतो, आणि हाड त्याच्या छिद्रांतून वाढून त्याला पोटात घेतं. म्हणून दोन्ही मिसळून दाणे बनवतात. ६० टक्के हायड्रॉक्सीॲपेटाइट आणि ४० टक्के टीसीपी हे प्रमाण बरंच दिसतं. एक भाग लवकर जाऊन जागा करतो आणि दुसरा आधार धरून राहतो. भारतातही हे काम झालं आहे. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने हायड्रॉक्सीॲपेटाइटवर आधारित हाडाचे पर्याय विकसित केले आहेत.

तिसरी गोष्ट काचेची. फ्लोरिडा विद्यापीठातले लॅरी हेंच १९६७ साली एका परिषदेला बसने चालले होते. शेजारी व्हिएतनाम युद्धातून परतलेला सैनिकी अधिकारी बसला होता. जखमी सैनिकांचे हातपाय कापावे लागतात आणि शरीर स्वीकारेल असा पदार्थ नाही, हे त्याने सांगितलं. हेंच काचेवर काम करत होते. १९६९ मध्ये त्यांनी सिलिका, सोडियम, कॅल्शियम आणि फॉस्फरस यांच्या विशिष्ट प्रमाणातली अशी काच तयार केली, जी हाडाला अक्षरशः चिकटली, इतकी की ओढून निघेना. ही बायोग्लास. ऑपरेशन करताना हातात ते बारीक दाणे आले की मला त्या बसमधल्या दोघांची आठवण येते.

आणि चौथं, कॅल्शियम फॉस्फेटचं सिमेंट. पातळ पेस्ट सिरिंजने भरायची, ती आत घट्ट होते. वरून येणारा दाब ते छान पेलतं, म्हणून गुडघ्याच्या फरशीखाली उत्तम. पिळवटणारा किंवा वाकवणारा ताण मात्र ते सोसत नाही, आणि भरताना सांध्यात गळू नये म्हणून डोळ्यांत तेल घालून बघावं लागतं.

तुमच्यासाठी कोणता हे जागा, पोकळीचा आकार आणि जंतुसंसर्ग आहे की नाही यावर ठरतं. सगळ्यात महाग तो सगळ्यात चांगला, असं यात नाही.

गुडघा बदलताना वापरतात ते बोन सिमेंट म्हणजे हेच का?

नाही. नावामुळे हा गोंधळ होतो. ते ॲक्रिलिक, म्हणजे एक प्रकारचं प्लास्टिक असतं. कृत्रिम सांधा हाडात पक्का बसवायला ते वापरतात. त्यात हाड शिरत नाही, ते विरघळत नाही, कायम तसंच राहतं.

आम्ही माळकरी आहोत. यात जनावराचं काही असतं का?

हा प्रश्न सांगली जिल्ह्यात मला जितका विचारला जातो तितका बाहेरच्या सहकाऱ्यांना क्वचितच विचारला जात असेल. माळकरी आजोबा विचारतात, जैन कुटुंबं विचारतात, आणि त्यांना विचारताना अवघडल्यासारखं होतं. अवघडू नका. तुमच्या शरीरात काय जाणार हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

निव्वळ सिंथेटिक दाणे, म्हणजे टीसीपी, हायड्रॉक्सीॲपेटाइट, कॅल्शियम सल्फेट आणि बायोग्लास, हे खनिजांपासून कारखान्यात बनतात. त्यांत जनावराचं काही नसतं. पण बाजारात 'बोन ग्राफ्ट' याच नावाखाली इतर गोष्टीही मिळतात. काही दाणे गाईबैलांच्या हाडापासून काढलेल्या खनिजाचे असतात, दातांच्या कामात ते बरेच वापरले जातात. काही मऊ पट्ट्यांमध्ये दाणे कोलॅजेनमध्ये बसवलेले असतात, आणि ते कोलॅजेन बहुधा जनावराचं असतं. पॅकिंग हातात घेतल्याशिवाय हे डोळ्यांना कळत नाही.

म्हणून संमतीपत्रावर सही करण्याआधी एकच वाक्य बोला: "आम्हाला प्राणिजन्य काही चालणार नाही, कोलॅजेनसुद्धा नाही." मी अशा वेळी केसपेपरवर लाल शाईने लिहून ठेवतो, कारण ऑपरेशन थिएटरमधल्या घाईत तोंडी सांगितलेलं हरवतं. पर्याय जवळजवळ नेहमी सापडतो. एखाद्या वेळी नाही सापडला तर तुमचंच कमरेचं हाड आहेच.

हाडात पू झाला आहे. त्यातही दाणे घालता येतात?

साधे दाणे मुळीच नाही. पू असताना घातलेला दाणा जंतूंना लपायला घर होतो. आधी सडलेलं हाड काढायचं, पुन्हा पुन्हा धुवायचं, जंतू कोणता आणि त्याला कोणतं औषध लागू पडतं हे तपासणीत बघायचं.

त्यानंतर दोन वाटा आहेत. कॅल्शियम सल्फेटमध्ये अँटिबायोटिक कालवून त्याचे मणी करतात. मणी विरघळताना औषध नेमक्या जागी सुटत राहतं, जिथं सलाइनमधून दिलेलं औषध नीट पोचत नाही. पूर्वी यासाठी ॲक्रिलिकचे मणी वापरत, ते काढायला पुन्हा ऑपरेशन लागायचं. दुसरी वाट एका विशिष्ट बायोग्लासची. त्यात औषध नसतं, पण त्यातले क्षार सुटले की आजूबाजूचा द्राव इतका अल्कधर्मी होतो की जंतूंना तिथं जगणं कठीण जातं.

हाडाचा मोठा तुकडाच गेला असेल, चार-पाच सेंटिमीटर किंवा जास्त, तर दाण्यांवर भिस्त ठेवू नका. तिथं पायाला बाहेरून इलिझारोव्हची रिंग लावून हाड सरकवत वाढवावं लागतं, नाहीतर फ्रान्सच्या मास्केले यांची दोन टप्प्यांची पद्धत वापरतात. पहिल्या ऑपरेशनमध्ये जागेवर ॲक्रिलिकचा ठोकळा ठेवतात. सहा ते आठ आठवड्यांत त्याभोवती शरीर स्वतःची एक पातळ, रक्ताने भरलेली पिशवी विणतं. मग ठोकळा काढून त्या पिशवीत हाडाचा चुरा भरतात. वेळ खाणारं काम आहे, पण पाय वाचतो.

टाक्यांतून पांढरट पाणी येतंय. पू आहे का?

कॅल्शियम सल्फेट वापरलं असेल तर काही रुग्णांत काही आठवडे पातळ पांढरट स्राव येतो. तो पू असेलच असं नाही, पण फोनवर फोटो बघून मी ते ठरवत नाही आणि तुम्हीही ठरवू नका. ताप, लाली, वास, वाढतं दुखणं यांपैकी काही असेल तर त्याच दिवशी या. नसेल तरी दोन दिवसांत दाखवा. मण्यांचं प्रमाण जास्त होतं अशा रुग्णांत क्वचित रक्तातलं कॅल्शियम वाढतं. मळमळ, खूप तहान, सुस्ती, गोंधळल्यासारखं वागणं दिसलं तर रक्त तपासायला हवं.

आठ महिने झाले, हाड जुळत नाही. दाणे घातले की जुळेल ना?

या प्रश्नाला मी थांबून उत्तर देतो, कारण यात मी एकदा चुकलो आहे.

सर्जन म्हणून सुरुवातीची वर्षं होती. जतकडचा एक शेतकरी, नडगी न जुळलेली, दुसऱ्या रुग्णालयात बसवलेली प्लेट. एक्स-रेमध्ये फट दिसत होती आणि माझं सगळं लक्ष त्या फटीवर. मी फट साफ केली, दाणे भरले, जुनी प्लेट तशीच ठेवली, कारण ती मला पुरेशी घट्ट वाटली. पाच महिन्यांनी ते गृहस्थ कुबडीवर आले. प्लेट तुटली होती आणि दाणे मी ठेवले तसेच होते, पांढरेशुभ्र, एकही हाडाची रेघ त्यांच्यात न शिरलेली. दुसऱ्या ऑपरेशनमध्ये रॉड घातला, कमरेचं हाड घेतलं आणि मग ते जुळलं. त्यांच्या आयुष्यातलं एक वर्ष माझ्या निर्णयामुळे गेलं. एका हंगामाची पेरणीही गेली.

तेव्हापासून हाड जुळत नाही म्हटलं की मी आधी तीन गोष्टी विचारतो. हाड हलतंय का? आत छुपा जंतुसंसर्ग आहे का? रुग्णाची तब्येत कशी आहे, म्हणजे साखर, तंबाखू, ड जीवनसत्त्व, रक्तपुरवठा? दाण्यांची पाळी त्यानंतर येते.

परदेशात हाड वाढवणारं औषध मिळतं, ते का देत नाही?

तुम्ही बीएमपीबद्दल, म्हणजे हाड बनवायचा निरोप देणाऱ्या प्रथिनाबद्दल विचारताय. मार्शल युरिस्ट यांनी १९६५ मध्ये दाखवलं की क्षार काढून टाकलेल्या हाडातही असं काही असतं जे स्नायूतसुद्धा हाड उगवू शकतं. त्यातलंच एक प्रथिन प्रयोगशाळेत बनवून २००२ मध्ये अमेरिकेत मणक्याच्या ऑपरेशनसाठी मंजूर झालं. ते काम करतं. पण ते खूप महाग आहे, नको तिथं हाड वाढवू शकतं, आणि मानेच्या मणक्यात वापरल्यावर गळ्याला धोकादायक सूज आल्याच्या घटनांमुळे २००८ मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने इशारा दिला. मोजक्या रुग्णांतच त्याचा विचार करावा, असं माझं मत आहे.

तंबाखूचा आणि हाडाचा काय संबंध?

थेट. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आवळतात, आणि दाण्यांच्या छिद्रांत आधी रक्तवाहिन्याच शिरायच्या असतात. सिगारेट ओढत नाही म्हणून कोणी सुटत नाही. मळलेली तंबाखू, गुटखा आणि मिसरी हे सगळं धरून. बायका "मी तंबाखू खात नाही, फक्त मिसरी लावते" असं सांगतात तेव्हा त्या खोटं बोलत नसतात. त्यांना खरोखरच मिसरी म्हणजे तंबाखू वाटत नाही. भाजलेली तंबाखूच आहे ती. ऑपरेशनच्या आधीपासून हाड जुळेपर्यंत बंद ठेवा. घरातल्यांनी रागावून नव्हे, सोबत राहून मदत करा. सकाळी मिसरीशिवाय पोट साफ होत नाही ही तक्रार खरी असते, त्यावर वेगळा उपाय देता येतो.

चुन्यात कॅल्शियम असतं. गव्हाएवढा चुना रोज घेतला तर?

नको. चुन्याने तोंड आणि अन्ननलिका भाजते, आणि हाड जुळण्यासाठी तो लागत नाही. नाचणी, तीळ, दूध, ताक घ्या. त्याहून महत्त्वाचं म्हणजे प्रथिनं, कारण हाडाची जाळी त्यांचीच असते. डाळ, उसळ, चालत असेल तर अंडी. ड जीवनसत्त्व तपासून घ्या. दिवसभर उन्हात राबणाऱ्या माणसातही ते कमी निघतं, हे बघून मलाही सुरुवातीला नवल वाटायचं.

हळदीचा लेप लावू का?

सांगलीत हळदीबद्दल वाईट बोलवत नाही, पण ऑपरेशनच्या टाक्यांवर काहीही लावू नका. दुधातून घ्या. मोडलेल्या जागेवर मालीशही नको. आणि सांधेदुखीच्या निनावी पुड्या बंद करा, काहींत स्टिरॉइड मिसळलेलं असतं, ते हाड पोखरतं.

खर्च किती? योजनेत बसतं का?

दाण्यांची किंमत प्रकारावर आणि सीसीच्या मापावर ठरते, त्यामुळे एक आकडा सांगणं बरोबर होणार नाही. ऑपरेशनच्या आधी अंदाज लेखी मागा: किती सीसी, कोणता प्रकार, न उघडलेला डबा परत होतो का. डब्यावर परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, मुदत आणि कमाल किंमत छापलेली असते. भारतात हे पदार्थ २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांखाली येतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत तुमच्या ऑपरेशनच्या पॅकेजमध्ये ग्राफ्ट धरला आहे का, हे दाखल होतानाच रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. नंतर विचारलं तर धावपळ होते.

पैशांची ओढाताण असेल तर सरळ सांगा. बऱ्याच वेळा कमरेचं हाड वापरून तेवढंच चांगलं काम होतं, आणि एखादा जादा काप हा मुलीच्या लग्नासाठी ठेवलेली ठेव मोडण्यापेक्षा बरा असतो.

पायावर भार कधी? आषाढीला चालत जाता येईल?

दाणे भरले म्हणून पाय लवकर टेकता येतो असं समजू नका. गुडघ्याखालच्या फ्रॅक्चरला साधारण सहा ते बारा आठवडे भार टाळावा लागतो, पुढे एक्स-रे बघून हळूहळू. गुडघा वाकवायचा व्यायाम मात्र लवकर सुरू करायचा, तो अजिबात चुकवू नका. दिवाळीत ऑपरेशन झालेला माणूस सगळं नीट जुळलं तर आषाढीला थोडी वाट चालू शकतो. पूर्ण पायी वारीची परवानगी मी पहिल्या वर्षी सहसा देत नाही. पंढरपूर जवळ आल्यावर शेवटचा टप्पा चालून गेलेले माझे रुग्ण आहेत, आणि परत येऊन ते सांगतात तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा असतो.

तीन वर्षं झाली, एक्स-रेमध्ये दाणे अजून दिसतात. काढायचे का?

नाही. हायड्रॉक्सीॲपेटाइटचा भाग वर्षानुवर्षं दिसतो आणि हाडापेक्षा पांढरा दिसतो. त्याच्या कडा धूसर झाल्या असतील, हाडात मिसळल्यासारख्या, तर ते चांगलं लक्षण. दाणे सुटे आणि कडा ठळक असतील, शिवाय दुखत असेल, तर सीटी स्कॅन करून बघू. दाण्यांमुळे एमआरआयला अडचण येत नाही. प्लेट असेल तर तिच्याबद्दल आधी सांगा.

पण हे सगळं ठरवायला मला जुना एक्स-रे लागतो आणि डब्यावरचं स्टिकर लागतं, ज्यावर नेमका कोणता पदार्थ होता ते लिहिलेलं असतं. ते स्टिकर तुमच्या डिस्चार्ज कार्डावर चिकटवायला सांगा. २०१९ च्या पुरानंतर कितीतरी रुग्ण माझ्याकडे रिकाम्या हाताने आले. फाइल, एक्स-रे, सगळं कृष्णेच्या पाण्यात भिजून गेलं होतं आणि आत काय घातलंय हे त्यांना सांगता येत नव्हतं. म्हणून कार्डाचा, स्टिकरचा आणि प्रत्येक एक्स-रेचा फोटो काढा. एक प्रत स्वतःच्या फोनवर ठेवा, आणि एक पुण्या-मुंबईला असलेल्या लेकाला किंवा लेकीला पाठवून द्या.